गाडीतले सीट-कार्पेट धुण्याचे यंत्र घेताना

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वहिनींची भिशी लागली. महिना हजार रुपयांची वीस बायकांची भिशी, म्हणजे वीस हजार रुपये एकदम हातात आले. पुतण्या तीन वर्षे एका वॉशिंग सेंटरवर दुसऱ्याच्या गाड्या दुसऱ्याच्या यंत्राने धुवत होता. वहिनी त्याला म्हणाल्या, "घे तुझे स्वतःचे यंत्र, आणि हो स्वतःच्या कामाचा मालक."

पुतण्याने यंत्र आणले. मोठ्या दाबाने पाणी मारणारे, आणि सोबत फेस करणारी बाटली. दुकानदाराने सांगितले होते, बाहेरूनही धुते आणि आतूनही धुते. पहिले गिऱ्हाईक घरचेच, शेजारचे टॅक्सीवाले काका. पुतण्याने त्यांच्या गाडीतल्या सीटवर फेस मारला, पायाखालच्या कार्पेटवर पाणी मारले, ब्रशने घासले, फडक्याने पुसून घेतले. गाडी अशी उजळली की काकांनी ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका दारात उभे. "बाळा, गाडीत ओल्या गोणपाटाचा वास येतोय. बाई बसली आणि पुढच्या सिग्नलला उतरून गेली." कार्पेट उचलून पाहिले तर वरून कोरडे आणि खालचा नमदा पिळला तर पाणी गळेल असा भिजलेला. पावसाळी हवा, ऊन नाही. तीन दिवस टॅक्सी उभी राहिली. तीन दिवसांचा धंदा पुतण्याने भरून दिला. वहिनी मुलाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी यंत्र पुसले आणि माळ्यावर ठेवून दिले.

यंत्रात बिघाड नव्हता. बाहेरून चिखल काढायला ते चांगलेच होते. चूक निवडीत झाली होती. त्यानंतर आम्ही आणि पुतण्या मिळून बरेच हिंडलो. नागदेवी स्ट्रीटवरची यंत्रांची दुकाने पाहिली, लोहार चाळीत विजेच्या सामानाची चौकशी केली, गॅरेजवाल्यांशी, ड्रायव्हर मंडळींशी बोललो. आपल्या वस्त्यांतले अनेक तरुण आज या कामात आहेत किंवा उतरू पाहत आहेत. अनेक घरांत स्वतःची टॅक्सी आहे. त्यांच्यापैकी कुणाची भिशी अशी माळ्यावर जाऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

हे काम वाढले का?

मुंबईची जुनी पद्मिनी टॅक्सी आठवा. सीटला रेक्झिन, खाली रबर. ओले फडके फिरवले की झाले. ती पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून कायमची गेली. आजच्या बहुतेक गाड्यांत सीटला कापड असते, आत फोम असतो, खाली कार्पेट असते आणि कार्पेटखाली नमदा किंवा फोमचा थर असतो. काचा बंद, एसी चालू. त्यामुळे घाम, धूळ, सांडलेला चहा, मुलांचे दूध, घाटात झालेली उलटी, सगळे आत मुरते. मोबाईलवरून गाडी मागवणारे गिऱ्हाईक गाडी कशी होती याचे तारे देते, आणि गाडीला वास आला तर तो ड्रायव्हरच्या पोटावर येतो. म्हणून आत स्वच्छ करून देणाऱ्याला आता काम आहे. प्रश्न एवढाच, कोणत्या यंत्राने?

फुंकायचे की ओढायचे?

याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका घटनेत आहे. १९०१ च्या सुमारास लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियरने धूळ साफ करण्याच्या एका नव्या यंत्राचा प्रयोग पाहिला. ते यंत्र जोराने हवा मारून धूळ उडवत असे. उडालेली धूळ पुन्हा तिथेच बसे. बूथने विचारले, हवा मारण्याऐवजी धूळ ओढून का घेत नाही? असे होणे शक्य नाही, असे त्याला सांगण्यात आले. मग बूथने एका उपाहारगृहातल्या गादीच्या खुर्चीला तोंड लावले आणि श्वास ओढला. मध्ये रुमाल धरला होता असेही सांगतात. त्याला जबर ठसका लागला, पण खुर्चीच्या गादीत किती धूळ दडली आहे ते कळले. त्याने ओढणारे यंत्र बांधले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून न्यावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत.

ते यंत्र माणसाच्या हातात आणले एका सफाई कामगाराने. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर हा एका मोठ्या दुकानात झाडलोटीचे काम करी. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो वाढे. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारे छोटे यंत्र केले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे ते पेटंट हूव्हर नावाच्या उद्योजकाने विकत घेतले आणि जगाला हूव्हरचेच नाव माहीत झाले. पण विजेवर चालणारे हातातले व्हॅक्यूम क्लीनर झाडू मारणाऱ्या माणसाच्या छातीच्या दुखण्यातून जन्मले, हे आपण लक्षात ठेवावे.

या दोन गोष्टींचा धडा एकच आहे. मारणारे यंत्र मळ हलवते, ओढणारे यंत्र मळ बाहेर काढते. आमच्या पुतण्याने मारणारे यंत्र घेतले होते. गाडीच्या आतल्या कामाला ओढणारे लागते. यंत्र पाणी किती टाकते याला महत्त्व नाही, टाकलेले पाणी किती परत काढते याला आहे.

बाजारात काय काय मिळते?

पहिले, ओला-सुका व्हॅक्यूम. याच यंत्राने सुरुवात करावी. कार्पेटमधला बराचसा मळ कोरडा असतो, माती, रेती, केस, खाण्याचे कण. रेतीचे कण धारदार असतात, पाय पडला की ते कार्पेटचे धागे कापतात. म्हणून पाण्याचा थेंबही टाकण्यापूर्वी ही रेती कोरडीच ओढून घ्यावी. आधी पाणी टाकले तर तिचा चिखल होतो आणि दुप्पट मेहनत पडते. हेच यंत्र नंतर ओले सीटही ओढून काढते. घरातले साधे, फक्त कोरडे व्हॅक्यूम पाण्यावर कधीही चालवू नये. पाणी मोटारीत जाते, मोटार जळते आणि चालवणाऱ्याला विजेचा झटका बसू शकतो.

दुसरे, सीट आणि कार्पेट धुण्याचे एक्स्ट्रॅक्शन मशीन. दुकानात याला सोफा-कार्पेट क्लीनिंग मशीनही म्हणतात. यात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाण पाण्याची. छोटा पंप कापडात बारीक फवारा सोडतो आणि त्याच तोंडाला लागून असलेली फट ते पाणी मळासकट लगेच ओढून घेते. भिजवणे आणि काढणे एकाच हाताने होते. सीटचे खरे काम हेच करते. गाडीसाठी हातात धरायचे लहान तोंड हवे, आठ-दहा सेंटिमीटर रुंद आणि पारदर्शक. पारदर्शक तोंडातून जाणारे पाणी काळे आहे की स्वच्छ ते दिसते आणि कधी थांबायचे ते कळते. सोफ्याचे रुंद तोंड सीटच्या कोपऱ्यात शिरत नाही.

तिसरे, वाफेचे यंत्र. एसीच्या जाळ्या, दाराच्या फटी, सीटखालची पटरी, तेलकट झालेले प्लास्टिक यांना वाफ चांगली. लांब पल्ल्याच्या गाडीत ढेकूण झाले असतील तर जिथे गरम वाफ नीट पोहोचते तिथले ढेकूण व त्यांची अंडी मरतात. पण वाफ मळ सैल करते, बाहेर काढत नाही. मागोमाग पुसावे किंवा ओढावे लागतेच. म्हणून हे यंत्र पहिले घेऊ नये.

चौथे, कॉम्प्रेसरवर चालणारी हवेची बंदूक. तिचे तोंड गरगर फिरते, फटीतली धूळ उडते, बघणाऱ्याला फार आवडते. पण बंदूक स्वस्त असली तरी तिला सतत हवा पुरवणारा दमदार कॉम्प्रेसर महाग असतो. छोट्या कॉम्प्रेसरची हवा थोड्याच वेळात संपते आणि टाकी भरेपर्यंत थांबावे लागते. उडालेली धूळ शेवटी व्हॅक्यूमनेच काढावी लागते. ज्याच्याकडे गॅरेजचा मोठा कॉम्प्रेसर आधीच आहे त्याने जरूर घ्यावी, आणि डोळ्यांना चष्मा लावून वापरावी.

हातची अवजारे विसरू नका. मऊ आणि मध्यम केसांचे दोन-तीन ब्रश, फटीसाठी लहान पेंटचा ब्रश, आठ-दहा मायक्रोफायबर फडकी, फवाऱ्याची बाटली, तोंडाला मास्क, हातमोजे, गुडघ्याखाली ठेवायला जाड फोमचा तुकडा. यातला शेवटचा तुकडा अगदी स्वस्त पडतो, पण दिवसभर गुडघ्यावर काम करणाऱ्याला वयाच्या चाळिशीत त्याची किंमत कळते.

दुकानात काय विचारावे?

दुकानदार पहिल्यांदा वॅट सांगतो. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते. ते ओढते किती, हे वॅटवरून कळत नाही. ओढण्याची ताकद किलोपास्कलमध्ये किंवा पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. एक किलोपास्कल म्हणजे साधारण शंभर मिलिमीटर. दुसरा आकडा हवेचा, सेकंदाला किती लिटर हवा वाहते तो. पहिला आकडा सीटच्या खोलातले पाणी वर उचलतो, दुसरा आकडा उचललेला मळ नळीतून वाहून नेतो. दोन्ही आकडे यंत्राच्या पाटीवर किंवा माहितीपत्रकात असावेत. कुठेच लिहिलेले नसतील तर ते यंत्र जपूनच घ्यावे.

मोटार बायपास आहे का ते विचारावे. बायपास मोटारीला थंड ठेवणारी हवा वेगळ्या वाटेने येते, ओढलेली ओली हवा मोटारीच्या गुंडाळ्यांतून जात नाही. ओल्या कामाला हीच मोटार टिकते. टाकी भरली की ओढणे आपोआप बंद करणारा तरंगता चेंडू किंवा फ्लोट आहे का ते उघडून पाहावे. नळी, फिल्टर, कार्बन ब्रश आणि पंप सुटे मिळतात का, आणि दुरुस्ती कुठे होते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. पक्के बिल आणि शिक्का मारलेले गॅरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये.

टाकी मोठी म्हणजे चांगली, असेही नाही. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. तुम्ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जाऊन काम करणार असाल तर ते वजन गटारापर्यंत तुम्हालाच न्यायचे आहे. चाके आणि खाली पाणी सोडायची तोटी असेल तर कंबर वाचते.

आता सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा. ही आम्हाला कुणी सांगितली नाही, घरच्या भाजीच्या काट्यावरून सुचली. कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाची दुकाने आहेत. अशा ठिकाणी जुन्या कार्पेटचे, खाली नमदा असलेले तुकडे मिळाले तर एकसारखे दोन-तीन घ्या. तुकडा कोरडा असताना वजन करा. त्यावर अर्धा लिटर पाणी ओता, म्हणजे पाचशे ग्रॅम वजन वाढले. मग दुकानातल्या यंत्राचे तोंड त्यावरून सावकाश पाच वेळा फिरवा आणि पुन्हा वजन करा. कोरड्या वजनापेक्षा जितके ग्रॅम जास्त, तितके पाणी त्या यंत्राने आत सोडले. दुसऱ्या यंत्राला दुसरा कोरडा तुकडा द्या. ज्याच्या तुकड्यात कमी पाणी उरले ते यंत्र सरस. काही दुकानदार हसतील, काही नाही म्हणतील. जो करू देतो त्याला आपल्या मालाची खात्री असते.

वीज जपून

चौदाशे वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर साधारण सहा अँपिअर घेते. घरातल्या छोट्या, सहा अँपिअरच्या सॉकेटला ते अगदी काठावर येते. म्हणून जाड पिनेच्या मोठ्या सॉकेटवरच यंत्र लावावे, आणि व्हॅक्यूम व वाफेचे यंत्र एका एक्स्टेन्शनवर एकाच वेळी चालवू नये. लांब वायर लागत असेल तर अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, आयएसआय मार्कची, अर्थिंगसह तीन तारांची घ्यावी. वायर गुंडाळलेली ठेवून यंत्र चालवले तर ती तापते, म्हणून पूर्ण उलगडावी. पाणी आणि वीज एकत्र आहेत. तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, लावून घ्यायला जो खर्च येतो तो यंत्राच्या किमतीतच धरावा. पायात रबरी चप्पल असावी, जोडणी ओल्या फरशीवर कधी पडू देऊ नये.

साबण थोडा, पाणी त्याहून थोडे

कपडे धुण्याची पावडर सीटवर वापरू नये. तिचा फेस निघता निघत नाही, आणि कापडात राहिलेला साबण चिकट होऊन नवी धूळ धरतो. आठ दिवसांत सीट पूर्वीपेक्षा काळे दिसते आणि नाव तुमचे खराब होते. कार्पेट-शॅम्पू सौम्य घ्यावा, डब्यावर लिहिले आहे तेवढेच पाणी मिसळावे. एक्स्ट्रॅक्शन मशीनमध्ये कमी फेसाचाच शॅम्पू घालावा, कारण फेस फ्लोट ओलांडून मोटारीपर्यंत जातो. शेवटचा हात नुसत्या पाण्याचा द्यावा. कोणतेही औषध आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून रंग सुटतो का ते पाहावे.

डागाची जात ओळखावी. दूध, उलटी, रक्त यांना थंड पाणी. गरम पाणी किंवा वाफ लागली तर हे डाग पक्के बसतात. हळदीवर सोडा किंवा कडक साबण लागला की ती लाल होते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. पानाचा आणि गुटख्याचा जुना डाग पूर्ण जाईल असे वचन देऊ नये, फिका होईल एवढेच सांगावे. काम सुरू करण्यापूर्वी डाग गिऱ्हाइकाला दाखवावा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

पेट्रोल, थिनर किंवा रॉकेलने डाग काढायची काही जुन्या कारागिरांची सवय आहे. बंद गाडीत त्याची वाफ साठते आणि मोटारीच्या एका ठिणगीने भडका उडतो. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर विषारी वायू निघतो. या दोन्ही गोष्टी कितीही घाई असली तरी करू नयेत.

गाडीत जपायच्या जागा

सीटखाली पिवळ्या वेष्टनाच्या तारा किंवा पिवळे जोड दिसले तर हात लावू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. त्या ओढू नयेत, सोडवू नयेत, त्यांवर पाणी मारू नये. काही गाड्यांत सीटच्या बाजूलाच एअरबॅग शिवलेली असते, तिथे पाणी मुरवू नये.

छताचे कापड फोमवर गोंदाने चिकटवलेले असते. जास्त ओलावा किंवा वाफ लागली की गोंद सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबते. ते ओलसर फडक्याने फक्त टिपावे. सीट-बेल्टला ब्लीच किंवा कडक औषध लावू नये, अपघातात माणसाला धरून ठेवायचे काम त्याच पट्ट्याचे आहे. सीएनजी टॅक्सीत डिकीतल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला आणि नळीला धक्का लागू देऊ नये, तिथे वाफ वापरू नये. गॅसचा वास आला तर यंत्र सुरूच करू नये.

शेवटी सुकवणे. ओल चोवीस ते अठ्ठेचाळीस तास राहिली की बुरशी धरू लागते. दारे उघडी ठेवून पंखा लावावा. पावसाळ्यात अर्धीच सीटे धुवायला घ्यावीत, राहिलेली दुसऱ्या फेरीत. आणि गाडी परत देण्यापूर्वी कार्पेटची कड उचलून खालच्या नमद्याला हात लावून पाहावा. वरच्या कोरडेपणावर विश्वास ठेवू नये. आमची वीस हजारांची शिकवणी एवढीच.

हिशोब

सगळी यंत्रे एकदम घेऊ नका. आधी चांगला ओला-सुका व्हॅक्यूम, ब्रश, फडकी आणि शॅम्पू. व्हॅक्यूमने कोरडे ओढायचे, फवाऱ्याच्या बाटलीने थोडा शॅम्पू मारायचा, ब्रशने घासायचे, पुन्हा व्हॅक्यूमने ओले ओढायचे. एवढ्यावर टॅक्सीचे काम नीट होते. महिन्याला काम किती येते ते वहीत लिहा. समजा एक्स्ट्रॅक्शन मशीन चाळीस हजारांना पडते आणि शॅम्पू, वीज, भाडे जाऊन एका गाडीमागे चारशे रुपये उरतात. म्हणजे यंत्र फिटायला शंभर गाड्या लागतील. तुमच्या वहीत महिन्याला वीस गाड्या असतील तर पाच महिने, आठ असतील तर वर्षाहून जास्त. आकडे तुमचे घाला, पण वही आधी, यंत्र नंतर. आणि हप्ता ठरवताना दिवाळीचा महिना धरू नका, कामाचा सर्वांत वाईट महिना धरा.

कर्ज घ्यायचे तर खाजगी सावकारापूर्वी बँकेत जावे. २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी. जातीचा दाखला, आधार, यंत्राचे दरपत्रक आणि ती कामाची वही सोबत न्यावी.

घरातल्यांचे मन

एक गोष्ट शेवटी. पुतण्याने पहिल्यांदा हा धंदा काढला तेव्हा आमच्या आईच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "तुझ्या पणजोबांनी गावचा झाडू टाकला आणि मुंबई गाठली. तू पुन्हा लोकांची घाण काढणार?" तिचे चुकीचे नव्हते. जन्मावरून गळ्यात बांधलेले, नकार द्यायची सोय नसलेले काम तिने डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही तिला म्हटले, आई, ते काम जातीने ठरवले होते आणि त्याचा दर दुसरा ठरवायचा, तोही शिळ्या भाकरीचा. इथे दर पुतण्या ठरवतो, पावती देतो, आणि काम पटले नाही तर नाही म्हणतो. तिने ऐकून घेतले. मग विचारले, "हाताला मोजे आहेत का त्याच्या? तोंडाला फडके?" आम्हाला वाटते, या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाला घरातून हाच प्रश्न विचारला जावा. जे यंत्र मुलाची छाती, गुडघे आणि हात जपत नाही, ते स्वस्त असले तरी महागच.

पुतण्याने माळ्यावरचे यंत्र उतरवले. आता ते फक्त बाहेरच्या धुलाईला आणि रबरी पायपुसण्या धुवायला वापरतो. आतल्या कामासाठी त्याने वजनकाट्यावर पारखून ओला-सुका व्हॅक्यूम घेतला आहे, एक्स्ट्रॅक्शन मशीनसाठी वही भरतो आहे. काम झाले की तो एक पांढरा रुमाल सीटवर पसरतो आणि त्यावरून व्हॅक्यूमचे तोंड धरतो. रुमाल पांढराच राहिला तर गाडी देतो, मळका झाला तर पुन्हा बसतो.

दिवाळीच्या आधी टॅक्सीवाले काका आपण होऊन आले. गाडीची चावी वहिनींच्या हातात देत म्हणाले, "पोराला सांगा, या वेळी घाई करू नको. संध्याकाळपर्यंत थांबतो मी." संध्याकाळी पुतण्याने रुमाल पसरला, तेव्हा काका नुसते बघत होते. वहिनींनी खाली वाकून कार्पेटची कड उचलली आणि स्वतःच्या हाताने खालचा नमदा चाचपून पाहिला. कोरडा होता.